शस्त्र कोणाच्या हातीं?

मांत्रिकाविषयीं लोकांच्या मनांत सर्व देशांत आणि सर्व काळीं एक द्विधा भाव आढळतो. संकट आलें म्हणजे त्याच्याकडे धांव घ्यावयाची, आणि संकट टळलें म्हणजे त्याच्या घरावरून जातांना पाऊल जरा लौकर उचलावयाचें, अशी ही वृत्ति आहे. मल्लाविषयीं असें कोणाला वाटत नाहीं. मल्लाचें बळ डोळ्यांना दिसतें आणि त्याची मर्यादाहि दिसते. मांत्रिकाचें बळ ज्ञानाचें असतें. आणि ज्याला तें ज्ञान नाहीं त्याला तें बळ कोठपर्यंत पोंचतें याचा अंदाज करतां येत नाहीं. वैद्य, वकील, आणि अलीकडे गणकयंत्रांचा तज्ज्ञ, यांच्यापुढें बसलों असतां आपल्या मनांत जें किंचित् भय असतें तें याच जातीचें आहे. आपल्याहून अधिक जाणणाऱ्यानें आपल्याविषयीं निर्णय घ्यावा काय, आणि घेतला तर कोणत्या अधिकारानें, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न मला अशा एका ठिकाणीं तपासावयाचा आहे कीं, जेथें तो सांपडेल असें आमच्या पेशांतील मंडळींना सहसा वाटत नाहीं. तें ठिकाण म्हणजे अमेरिकन चित्रकथा आणि तिच्यावरून निघालेले बोलपट. या कथांतील बहुतेक महावीरांना शक्ति मिळते. ते ती मिळवीत नाहींत. १९३८ सालीं अवतरलेला सुपरमॅन परग्रहावर जन्मला म्हणून बलवान्. १९६२ सालचा स्पायडरमॅन कोळ्यानें दंश केला म्हणून चपळ. त्यांच्यापुढें प्रश्न असतो तो एवढाच, कीं आयत्या आलेल्या या ठेव्याचा उपयोग कसा करावा. परंतु जो मांत्रिक आहे, म्हणजे ज्यानें गुरूच्या पायांशीं बसून आपली शक्ति शिकून घेतली आहे, त्याच्या बाबतींत प्रश्न आधींच उभा राहतो : याला ही विद्या शिकवावी काय? १९६३ सालीं निर्माण झालेला आणि गेलीं साठाहून अधिक वर्षें कागदावर व पडद्यावर वावरणारा डॉक्टर स्ट्रेंज हा या वर्गाचा सर्वांत ठळक प्रतिनिधि आहे. त्यांतून तो मूळचा शस्त्रवैद्य. त्यामुळें त्याची कथा आपल्या रोजच्या अनुभवाच्या बरीच जवळ येते.

मराठी वाचकांना चित्रकथेंतील जादूगार अगदींच अपरिचित नाहीं. १९६४ सालीं मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या चालकांनीं 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलें आणि १९९० पर्यंत ती माला चालली. तिच्यांतून ली फॉक याचा 'फॅन्टम' आमच्याकडे 'वेताळ' होऊन आला, आणि त्याच्या मागोमाग त्याच लेखकाचा मॅन्ड्रेकहि आला. उंच टोपी, झगा, बारीक मिशा. हा मॅन्ड्रेक १९३४ पासून अमेरिकन दैनिकांत प्रसिद्ध होत होता. त्यानें हात हालविला कीं समोरच्या दुष्टाला भलतेंच कांहीं दिसूं लागे आणि तो गोंधळून शरण येई. आम्ही मुलें ते अंक एकमेकांच्या हातून ओढून वाचीत असूं. पण दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा परवाना मॅन्ड्रेकला कोणी दिला, हा विचार ना आम्हांला शिवला ना त्याच्या कर्त्याला. दुष्ट तो दुष्ट, त्याला फसविलें तर बिघडलें कोठें? त्याच सुमारास अमेरिकेंत नभोवाणीवर 'चांदू' नांवाच्या जादूगाराची मालिका लोकप्रिय होती आणि १९३२ सालीं तिच्यावर बोलपटहि निघाला. हा चांदू नांवानें हिंदी वाटला तरी होता अमेरिकन. योग्यांपाशीं विद्या शिकून आलेला. स्टॅन ली या लेखकानें स्ट्रेंजच्या पूर्वजांत या चांदूचा उल्लेख केलेला आहे. विद्या पूर्वेकडची असावी, पण ती चालविणारा मात्र आपल्यांतलाच असावा, ही पाश्चात्त्यांची आवड अशी जुनी आहे. तिच्याकडे पुढें पुन्हां वळावें लागेल.

'स्ट्रेंज टेल्स' या मासिकाच्या जुलै १९६३ च्या ११० व्या अंकांत डॉक्टर स्ट्रेंज प्रथम आला तो अवघ्या पांच पृष्ठांत. चित्रें स्टीव्ह डिट्को याचीं, शब्द स्टॅन ली याचे. कल्पना मुळांत स्टीव्हची, असें लीनेंच त्या वर्षाच्या आरंभीं एका पत्रांत लिहिलेलें आहे. त्या पहिल्या कथेंत जगाचा प्रलय नाहीं. एक मनुष्य रोज रात्रीं तेंच भयंकर स्वप्न पडतें म्हणून या विचित्र वैद्याकडे येतो. वैद्य त्याच्या स्वप्नांत शिरतो, आणि तेथें त्याला समजतें कीं या रोग्यानें एका माणसाचा व्यापारांत घात केलेला आहे. स्वप्नांत छळतें तें त्याचेंच पाप. रोगी जागा होतो तो आपलें गुपित फुटलें म्हणून वैद्यावरच पिस्तूल रोखतो. कबुलीखेरीज या दुखण्याला दुसरा उपाय नाहीं, असा कथेचा शेवट आहे. पुढील साठ वर्षांत या पात्राविषयीं जें जें लिहिलें गेलें त्यांत या पांच पानांइतकें नेमकें मला थोडेंच वाटतें. कारण येथें मांत्रिकाची सत्ता रोग्याच्या अंतःकरणापर्यंत पोंचते खरी, पण त्याच्या बदली पश्चात्ताप कांहीं ती करूं शकत नाहीं.

हा मनुष्य मांत्रिक कसा झाला हें त्याच वर्षीं डिसेंबरच्या ११५ व्या अंकांत सांगितलें आहे. स्टीफन स्ट्रेंज हा नामांकित शस्त्रवैद्य. कौशल्य अलौकिक, आणि गर्व त्याहून अलौकिक. पैसा टाकील त्याच्यावर शस्त्रक्रिया, न टाकील त्यानें दुसरें दार पाहावें, असा त्याचा बाणा. मोटारीच्या अपघातांत त्याच्या हातांच्या शिरा दुखावतात आणि पुन्हां शस्त्र धरतां येणार नाहीं असें ठरतें. येथें एक बारीक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्याचें ज्ञान नष्ट झालेलें नाहीं. दुसऱ्या वैद्यांना सल्ला देण्याचें, त्यांस साहाय्य करण्याचें काम त्याला सहज मिळत होतें. तें तो झिडकारतो. पहिला होतां येत नसेल तर कोणीच व्हावयाचें नाहीं, ही त्याची प्रतिज्ञा. हात अपघातानें मोडले, आयुष्य मोडलें तें मात्र या प्रतिज्ञेनें. मग तो बंदराच्या वस्तींत भटकूं लागतो; तेथें खलाशांच्या तोंडून एका वृद्ध सिद्धाचें नांव ऐकतो, आणि हात बरे करून घ्यावेत एवढ्याच लोभानें हिमालयाच्या बर्फांत त्याचा आश्रम गांठतो.

या सिद्धाला कथेंत केवळ 'पुरातन' एवढेंच नांव आहे. तो हात बरे करून देण्याचें नाकारतो. बर्फानें वाट अडल्यामुळें स्ट्रेंज तेथेंच राहतो, आणि त्याच्या दृष्टीस पडतें कीं मोर्डो नांवाचा गुरूचा पट्टशिष्य गुरूच्याच जिवावर उठला आहे. सांगावयास जावें तर मोर्डोनें मंत्रानें त्याचें तोंड बांधून टाकलेलें. या विषयाचा शब्द म्हणून उच्चारतां येत नाहीं. तेव्हां, मोर्डोला अडवावयाचें तर स्वतः विद्या शिकण्यावांचून गत्यंतर नाहीं, असें ठरवून तो गुरूपुढें शिष्यत्वासाठीं गुडघे टेंकतो. आपले हात तो या वेळीं मागत नाहीं. गुरु त्याचा स्वीकार करतो, आणि मोर्डोचें कारस्थान आपल्याला प्रथमपासून ठाऊक होतें हेंहि सांगतो.

आपल्याकडे वेदान्तग्रंथांच्या आरंभीं विषयाच्याहि आधीं अधिकाऱ्याचा विचार करण्याची पद्धत आहे : ही विद्या कोणासाठीं? मामलेदाराला आणि त्याच्या शिपायालाहि अधिकारी म्हणण्याची संवय लागल्यापासून त्या शब्दाचा हा मूळचा अर्थ आपण जवळजवळ विसरलों. अर्थात् त्याचा आपल्याकडील इतिहास निर्मळ नाहीं. अधिकार पाहावयाचा म्हणून जन्म पाहिला गेला, आणि शेंकडों वर्षें असंख्य माणसांच्या तोंडावर विद्येचें दार लावलें गेलें. म्हणूनच या लहानशा अमेरिकन कथेंतील निवड मला अर्थपूर्ण वाटते. तिच्यांत कुलीन आहे तो मोर्डो. तो सरदार आहे, आधीं आलेला आहे, विद्येंतहि पुढें आहे. अधिकारी ठरतो तो दुसराच, आणि कशानें, तर मागावयास जें आला होता तें त्यानें मागावयाचें सोडलें म्हणून.

तथापि एवढ्यानें शंका फिटत नाहीं. पहिला होण्याची ज्याची भूक एवढी प्रखर, ती भूक एका रात्रींत जाते काय? कीं ती केवळ आपला विषय बदलते? न्यूयॉर्कमधला पहिला शस्त्रवैद्य होतां आलें नाहीं तो पुढें 'सॉर्सरर सुप्रीम', म्हणजे साऱ्या मांत्रिकांचा अग्रणी झाला. हा वैराग्याचा विजय म्हणावा कीं महत्त्वाकांक्षेचा? मूळच्या जोडीनें या प्रश्नाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. डिट्कोचें मन रमलें होतें तें दुसरीकडे. त्यानें स्ट्रेंजला ज्या लोकांतून हिंडविलें ते लोक कोणत्याच पुराणांत नाहींत. पोकळींत तरंगणाऱ्या वाटा, कशालाहि न जोडलेलीं दारें, आ वासलेलीं तोंडें, आणि या सर्वांच्या मध्यें मंत्रमुद्रा करणारे दोन हात. ज्याचे हात निकामी झाले त्याची सारी शक्ति पुन्हां हातांतच दाखविण्यांत चित्रकारानें मोठेंच औचित्य साधलें आहे. त्या काळच्या अमेरिकन महाविद्यालयांतील तरुणांना हीं चित्रें पाहून वाटे कीं काढणारा खात्रीनें कांहीं मादक द्रव्य घेत असला पाहिजे. वस्तुतः डिट्को हा एक करडा, एकान्तप्रिय मनुष्य होता. आयन रॅन्डच्या तत्त्वज्ञानाकडे वळलेला. जगांत काळें आहे आणि पांढरें आहे, करडें म्हणून कांहीं नाहीं, असें ठासून सांगणारा 'मिस्टर ए' हा नायक त्यानें १९६७ सालीं निर्माण केला. त्याच्या आधल्याच वर्षीं त्यानें स्ट्रेंज सोडला होता. २०१८ सालीं तो वारला, आणि त्याच वर्षीं कांहीं महिन्यांनीं लीहि गेला.

डिट्कोनें जें हाताळलें नाहीं तें १९७३ सालीं स्टीव्ह एंगलहार्ट हा लेखक आणि फ्रॅन्क ब्रनर हा चित्रकार यांनीं हातीं घेतलें. 'मार्व्हल प्रीमियर'च्या दहाव्या अंकांत एक भयानक सत्ता 'पुरातना'च्या मनाच्या दारानें जगांत शिरूं पाहते. तें दार बंद करण्याचा मार्ग एकच : शिष्यानें गुरूच्या मनांतील अहंभाव नष्ट करावयाचा, म्हणजे पर्यायानें गुरूचा देह संपवावयाचा. गुरु स्वतः तशी आज्ञा करतो. शिष्य कचरतो, झगडतो, आणि शेवटीं तें करतो. गुरु विश्वाशीं एकरूप झाल्याचें मग त्याला कळतें. शस्त्रवैद्याच्या आयुष्यांतील ही खरी शस्त्रक्रिया होय. आणि ती शुद्ध ठरते ती कशामुळें? परिणाम चांगला झाला यामुळें नव्हे. ज्याच्यावर शस्त्र चालावयाचें त्याला सर्व कांहीं ठाऊक होतें, आणि त्यानेंच शस्त्र हातांत दिलें, यामुळें.

याच जोडीची एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पुढच्या कांहीं अंकांत त्यांनीं असा एक जादूगार रंगविला कीं, जो भविष्यकाळांतून मागें मागें जात सृष्टीच्या आरंभाशीं पोंचून स्वतः ईश्वर होऊं पाहतो, आणि तेथें गेल्यावर त्याला उमगतें कीं जग होतें तसेंच पुन्हां निर्माण करण्यांत खरें शहाणपण आहे. धर्मनिष्ठ वाचक चिडतील या भीतीनें, तो ईश्वर खरा नव्हे असा खुलासा छापावा, असें वरून सांगण्यांत आलें. तेव्हां लेखक-चित्रकारांनीं एका धर्मोपदेशकाच्या नांवानें कथेची स्तुति करणारें पत्र स्वतःच लिहून दूर गांवाहून टपालांत टाकलें. तें पाहून संपादकांचें समाधान झालें आणि खुलासा टळला. एंगलहार्टनेंच हें पुढें सांगितलें आहे. दुसऱ्याच्या हितासाठीं त्याच्या डोळ्यांवर पडदा ओढण्याचा मोह जादूगारापुरताच नसतो, एवढें यावरून दिसतें.

पडद्यावर हा वैद्य प्रथम आला तो १९७८ सालीं, दूरचित्रवाणीसाठीं केलेल्या एका चित्रपटांत. त्यांत त्याला मनोविकारांचा वैद्य केलें होतें. अपघात नाहीं, मोडलेले हात नाहींत, गर्व नाहीं. त्यामुळें शिष्यत्व हें बढती मिळाल्यासारखें झालें. त्याची पुढें मालिका निघाली नाहीं याचें दुःख करण्याचें कारण नाहीं.

२०१६ सालचा स्कॉट डेरिक्सनचा चित्रपट मात्र गंभीरपणें विचार करण्यासारखा आहे. बेनेडिक्ट कंबरबॅचनें रंगविलेला स्ट्रेंज पैशासाठीं नव्हे, तर आपल्या यशाच्या नोंदीला डाग लागूं नये म्हणून कठीण रोगी नाकारतो. हा बदल मार्मिक आहे. लोभी वैद्य ओळखूं येतो, कीर्तीला जपणारा सभ्य दिसतो. आश्रम येथें काठमांडूंत आहे. एप्रिल १९१५ नव्हे, एप्रिल २०१५, म्हणजे अगदीं परवांच्या त्या भूकंपानें नेपाळ हादरल्यावर अवघ्या कांहीं महिन्यांनीं तेथील गल्ल्यांत व देवळांत चित्रीकरण झालें. 'पुरातन' गुरूची भूमिका टिल्डा स्विंटन या ब्रिटिश नटीला देण्यांत आली, आणि आशियाई पात्र गोऱ्या नटीला दिल्याबद्दल बरेंच वादळ उठलें. निर्मात्यांचें म्हणणें असें कीं, लांब दाढीचा गूढ बोलणारा पौर्वात्य म्हातारा हें जुनें व्यंगचित्र त्यांना टाळावयाचें होतें. व्यंगचित्र वाईट होतें हें खरें. पण तें सुधारण्याचा उपाय म्हणून माणूसच काढून टाकावा हा न्याय विलक्षण आहे. याच्या उलट वाँगचें झालें. साठ वर्षांपूर्वीं तो चहा आणून देणारा मुका सेवक होता. येथें तो ग्रंथालयाचा राखणदार आहे, स्ट्रेंजला शिस्त शिकवितो, आणि पुढील चित्रपटांत 'सॉर्सरर सुप्रीम'चें पद स्ट्रेंजकडे नसून या वाँगकडे आहे.

या चित्रपटाचा गाभा हातांत आहे. पॅंगबॉर्न नांवाचा एक पांगळा मनुष्य स्ट्रेंजच्या आधीं आश्रमांत येऊन गेलेला असतो. तो मंत्रशक्ति सारी आपल्या पायांत ओततो, चालूं लागतो, आणि घरीं जातो. मरतांना गुरु स्ट्रेंजला सांगते कीं, तुलाहि हें करतां येईल. हात स्थिर होतील, शस्त्रक्रिया होतील, जुनें आयुष्य परत मिळेल. मात्र मग दुसरें कार्य करणारा कोणी राहणार नाहीं. स्ट्रेंज हात थरथरते राहूं देतो. सिद्धि ही समाधीच्या वाटेंतील धोंड आहे असें आपलें योगशास्त्र सांगतें, आणि चौदाशें वर्षें जगलेल्या चांगदेवाची आख्यायिका आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. आपल्या परंपरेनें सिद्धीचा प्रश्न सोडविला तो सिद्धीचें मोलच कमी करून. चित्रकथेला तसें करतां येत नाहीं. तिच्या नायकाला लढावयाचें आहे. म्हणून ती दुसरी तोड काढते : शक्ति वापरावी, पण स्वतःच्या हातांवर नव्हे. ही तोड मला लहान वाटत नाहीं. पॅंगबॉर्नलाहि मी दोष देणार नाहीं. पांगळ्यानें चालावेंसें वाटणें हें पाप नव्हे, आणि ज्यानें जगाचा भार उचलला नाहीं तो नीच असेंहि नव्हे.

मोर्डोला तें पटत नाहीं. हा मोर्डो जुन्या कथेंतल्यासारखा कपटी नाहीं. सरळ आणि कडवा आहे. निसर्गाचा नियम मोडला कीं त्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते, असें त्याचें म्हणणें. आपली गुरुच निषिद्ध लोकांतून शक्ति चोरून आयुष्य लांबवीत होती हें कळल्यावर त्याचा जीव विटतो. स्ट्रेंज जगाला वांचवितो तोहि काळाचा नियम वांकवूनच : डोर्मामू या अजेय सत्तेसमोर तो काळाचें एक वर्तुळ करून त्यांत स्वतःला आणि तिला कोंडून घेतो, पुन्हां पुन्हां मारला जातो, आणि हरण्याला न कंटाळून तिला कंटाळवितो. मोर्डो निघून जातो. आणि पुढें पॅंगबॉर्नला गांठून त्याच्या पायांतली शक्ति काढून घेतो. तो मनुष्य जमिनीवर कोसळतो. नियमाच्या बाजूनें मोर्डोचें बोलणें खोडतां येत नाहीं, आणि हें कृत्य पाहवत नाहीं. माझ्या विद्यार्थ्यांत यावर मतभेद झाले तेव्हां हुशार मुलें मोर्डोकडे गेलीं आणि ज्यांच्या घरीं कोणी अंथरुणाला खिळलेलें होतें तीं दुसरीकडे. डोर्मामूपुढील स्ट्रेंजच्या वर्तनाला मात्र कोणीहि नांव ठेवलें नाहीं, आणि तें बरोबरच होतें. कारण तेथें नियम वांकवून जी किंमत द्यावयाची ती तो दर वेळीं स्वतःच्याच देहानें देत होता.

किंमत दुसऱ्यानें द्यावयाची असते तेव्हां काय? २०१८ सालच्या 'ॲव्हेंजर्स'च्या चित्रपटांत स्ट्रेंज १,४०,००,६०५ भविष्यें पाहतो आणि त्यांतील एकांतच जय आहे असें सांगतो. मग तो कालमणि शत्रूच्या स्वाधीन करतो; विश्वांतील निम्मे जीव, तो स्वतःहि, नाहींसे होतात. पुढल्या वर्षींच्या चित्रपटांत पांच वर्षांनंतर ते परत येतात, पण त्यासाठीं टोनी स्टार्कला मरावें लागतें. तें भविष्य कोणतें, हें स्ट्रेंज सांगत नाहीं. सांगितलें तर तें घडणार नाहीं, असें त्याचें उत्तर. अखेरच्या क्षणीं तो केवळ एक बोट वर करतो. स्टार्क समजतो आणि आपल्या हातानें मरण पत्करतो.

येथें शस्त्रवैद्य पुन्हां दिसतो. रोग्याला भूल दिलेली आहे, पोट उघडलेलें आहे, आणि काय कापावयाचें हें एकटा जाणणारा ठरवीत आहे. ज्या न्यूयॉर्क शहरांत स्ट्रेंजचें घर आहे तेथीलच एका रुग्ण स्त्रीचा दावा १९१४ सालीं त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयापुढें आला होता. तिनें संमति दिली होती ती भूल देऊन तपासण्यापुरती. वैद्यानें आंतील गांठच कापून काढली. आपल्या शरीराचें काय व्हावें हें ठरविण्याचा हक्क शुद्धीवर असलेल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा आहे, असें न्यायमूर्ति कार्डोझो यांनीं त्या निकालांत सांगितलें. रुग्णालयाविरुद्ध तो दावा बाई हरली; तत्त्व मात्र राहिलें, आणि आज जगभर रोग्याकडून सही घेतली जाते ती त्याच तत्त्वाच्या पोटीं. गांठ काढणें वैद्यकाच्या दृष्टीनें योग्य होतें कीं नाहीं, हा प्रश्न तेथें नव्हताच.

स्ट्रेंजच्या बाजूनें बोलावयाचें तर एवढें म्हणतां येईल कीं, स्टार्कला शेवटचें पाऊल स्वतः टाकण्याची मोकळीक होती. बोट वर करणें ही आज्ञा नव्हे. पण पांच वर्षें ज्यांचीं घरें उजाड झालीं त्यांना कोणीं विचारलें? २०२२ साली सॅम रेमीनें दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांत हा प्रश्न एका विवाहसमारंभांत, स्ट्रेंजचा जुना सहकारी डॉक्टर वेस्ट याच्या तोंडीं येतो. त्या पांच वर्षांत त्याचा भाऊ गेला, पाळलेल्या दोन मांजरी गेल्या. तो भांडत नाहीं. दुसरा मार्ग होता काय, एवढेंच विचारतो. दुसरा मार्ग नव्हता, असें स्ट्रेंज उत्तर देतो. तें उत्तर खरें असेल. पण तें खरें आहे हें जाणणारा साऱ्या विश्वांत एकटा तोच आहे, आणि वेस्टला विश्वास ठेवण्यावांचून दुसरें कांहीं करतां येत नाहीं. ज्ञान्याच्या सत्तेंत असह्य असें जें आहे तें हेंच. त्याच समारंभांत वधू, म्हणजे स्ट्रेंज जिच्यावर प्रेम करीत होता ती क्रिस्टीन, त्याला सांगते कीं, सुरी नेहमीं आपल्याच हातीं असली पाहिजे हा तुझा स्वभाव, आणि म्हणून आपलें जमलें नसतें.

त्याआधींच्या वर्षीं एका पोरासाठीं केलेल्या मंत्राची हकीकतहि याच प्रकारची. आपण स्पायडरमॅन आहों हें जगानें विसरावें, असें तो पोर मागतो. परिणाम नीट न समजावतां स्ट्रेंज मंत्र आरंभितो, आणि पोर मध्येंच अपवाद सांगूं लागल्यानें सारें बिघडतें. शेवटीं तोच पोर, आतां सर्व परिणाम जाणून, आपल्या जिवलगांनींहि आपल्याला विसरावें असें मागतो. तेव्हां स्ट्रेंजचा हात जड होतो. पण पोराची मागणी तो मान्य करतो. मंत्र जवळपास तोच. संमति मात्र आतां खरी आहे.

२०२२ च्या चित्रपटांत अनेक विश्वें आहेत आणि अनेक स्ट्रेंज. एका विश्वांतल्यानें निषिद्ध ग्रंथाच्या बळावर जय मिळविण्याच्या नादांत दुसरें एक विश्व नष्ट केलें. त्यानें तें कबूल केलें, आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं त्याला देहान्त दिला. लोकांना सांगितलें मात्र असें कीं तो वीरमरण पावला, आणि त्याचा पुतळा उभारला. दुसरा एक स्ट्रेंज आरंभींच, विश्वांच्या भिंती ओलांडूं शकणाऱ्या अमेरिका चॅव्हेझ या मुलीची शक्ति, तिचा जीव जाईल हें जाणून, काढून घेऊं पाहतो. साऱ्यांच्या कल्याणासाठींच अर्थात्. आपल्या स्ट्रेंजवर अखेरीस तोच प्रसंग येतो. मुलीची शक्ति शत्रूच्या हातीं पडत आहे, आणि ती आपण घेतली तर जय निश्चित आहे. तो ती घेत नाहीं. तुझी शक्ति तूंच चालव, तुला ती चालवितां येते, असें तो तिला सांगतो, आणि बाजूला होतो. ज्याला सर्वांत अधिक कळतें त्यानें न कळणाऱ्या पोरीवर भरंवसा टाकावा, हें हिशेबाला धरून नाहीं. १९६३ सालीं गुरूपुढें गुडघे टेंकतांना ज्या गर्वाचें काय झालें अशी शंका राहिली होती, तो मला येथें प्रथमच खरोखर खालीं आलेला दिसतो.

मात्र हें करण्यासाठीं तेथपर्यंत पोंचावयास त्यानेंहि तोच निषिद्ध ग्रंथ वापरलेला असतो. चित्रपटाच्या शेवटीं वाँगपुढें, पदाचा मान म्हणून जो नमस्कार तो आरंभीं टाळीत आला होता, तो स्ट्रेंज करतो. थरथरत्या हातांनीं मोडकें घड्याळ दुरुस्त करून ठेवतो. आणि प्रसन्न मनानें रस्त्यावर येतो, तोंच किंचाळून खालीं बसतो. त्याच्या कपाळावर तिसरा डोळा उघडलेला असतो. थोड्या वेळानें एक अपरिचित स्त्री येऊन, त्याच्या करणीनें एक नवें संकट उद्भवलें असून तें निस्तरावयास हवें असें सांगते, आणि भीति वाटते काय म्हणून विचारते. मुळींच नाहीं, असें म्हणून तो तिच्या मागोमाग जातो. आणि जातांना तो तिसरा डोळा उघडाच असतो.